जपानला जाऊन भाषा शिकायचीय? मग शाळा अशी निवडा

माझ्याकडे अधूनमधून कुणाचा तरी मेसेज येतोच, "ताई, टोकियोतली एखादी चांगली आणि स्वस्त लँग्वेज स्कूल सांगा ना." मी असं एकदम नाव सांगत नाही, आणि तुम्हीही कुणी नुसतं नाव सुचवलं म्हणून अर्ज करू नका. एकाला जी शाळा मस्त लागू पडली तीच दुसऱ्याचं अख्खं वर्ष फुकट घालवू शकते, आणि त्यात शाळेची काही चूकही नसते. बारावी झालेल्या मुलीला तिकडच्या कॉलेजात जायचंय, इंजिनिअर झालेल्याला तिकडे नोकरी हवीय, आणि कुणाला नोकरीतून वर्षभराचा ब्रेक घेऊन फक्त भाषा पक्की करायचीय. या तिघांना एकच शाळा कशी चालेल?

मी टोकियोत अशाच शाळेत शिकलेय, आता पुण्यात मुलांना अर्ज करायला मदत करते, त्यामुळे कुठे काय अडतं ते बऱ्यापैकी माहितीय. क्रमानेच सांगते. लेख लांब आहे पण घरच्यांचे काही लाख रुपये आणि तुमची दीड-दोन वर्षं यात जाणारेत, तेव्हा शांतपणे वाचा.

पायरी १: शाळा संपल्यावर काय करणार, ते आधी लिहून काढा

खरंच कागदावर लिहा. लँग्वेज स्कूल हा शेवट नाही, स्टुडंट व्हिसावर तिथे जास्तीत जास्त दोन वर्षं राहता येतं आणि मग पुढचं काहीतरी हातात असावंच लागतं, नाहीतर परत यायचं.

तुमच्याकडे डिग्री असेल, म्हणजे बीई, बीएस्सी, बीकॉम, बीए वगैरे, तर शाळा चालू असतानाच नोकरी शोधून वर्क व्हिसावर जाता येतं. ऑफिसातल्या नोकरीचा जो नेहमीचा व्हिसा असतो, इंजिनिअर, अकाउंटंट, अनुवादक वगैरे लोकांना मिळतो तो, त्याला डिग्री लागते किंवा मग जपानमधल्या सेनमोन गाक्को, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक कॉलेजचं शिक्षण लागतं. आता नीट लक्ष द्या, फक्त बारावी आणि लँग्वेज स्कूलचं सर्टिफिकेट एवढ्यावर हा व्हिसा मिळत नाही. तुमचं एन१ झालं तरी नाही (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन५ ते एन१ अशा पातळ्या असतात, एन१ सगळ्यात वरची). "दोन वर्षं भाषा शिका, मग लगेच ऑफिसात जॉब" असं बारावीच्या मुलांना सांगणारा कुणी भेटला तर तिथून उठून या.

बारावीनंतर जाणाऱ्यांचा रस्ता असा असतो, आधी लँग्वेज स्कूल, मग सेनमोन गाक्को किंवा युनिव्हर्सिटी, मग नोकरी. युनिव्हर्सिटीत जायचं असेल तर बहुतेक ठिकाणी ईजेयू नावाची परीक्षा लागते, वर्षातून दोनदा होते, जून आणि नोव्हेंबरमध्ये, आणि त्यात जपानीबरोबर गणित, सायन्स किंवा समाजशास्त्रासारखा विषयही असतो. आता जी शाळा ईजेयूची तयारीच घेत नाही, तिथे जाऊन तुम्ही काय करणार? बाहेर वेगळा क्लास लावावा लागेल, त्याचे पैसे वेगळे.

शाळांचे कोर्सही त्याप्रमाणे असतात. शिनगाकु कोर्स म्हणजे पुढच्या शिक्षणाची तयारी, आणि दुसरे बोलण्यावर किंवा बिझनेस जपानीवर भर देणारे. काही युनिव्हर्सिट्यांचा स्वतःचा भाषेचा विभाग असतो त्याला बेक्का म्हणतात, उदाहरणार्थ केइओची बेक्का. तिथली फी साधारण जास्त आणि प्रवेशाच्या अटीही कडक, पण ज्यांना पुढे मास्टर्स किंवा संशोधन करायचंय त्यांनी हा पर्याय बघावाच.

पायरी २: कधी जायचं ते ठरवा, त्यावर पुढचं सगळं ठरतं

वर्षात चार वेळा प्रवेश असतात, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. सगळ्याच शाळांत चारही नसतात पण एप्रिल आणि ऑक्टोबर बहुतेक ठिकाणी असतात. शिनगाकु कोर्स कधीही सुरू केला तरी संपतो मार्चमध्येच कारण तिकडचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून एप्रिलला गेलात तर पूर्ण दोन वर्षं मिळतात, जुलैला पावणेदोन, ऑक्टोबरला दीड आणि जानेवारीला सव्वा. बारावी होऊन शून्यापासून सुरुवात करणाऱ्याने शक्यतो एप्रिलच धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. एन४ वगैरे इकडेच करून जाणार असाल तर ऑक्टोबरनेही काही बिघडत नाही.

तारखा उलट्या मोजा. एप्रिलला जायचं असेल तर कागदपत्रं शाळेकडे आदल्या वर्षी साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत जावी लागतात, ऑक्टोबरला जायचं असेल तर मार्च ते मे. शाळा तुमच्या वतीने तिकडच्या इमिग्रेशनकडे व्हिसासाठी लागणाऱ्या सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटीचा अर्ज करते, सगळे त्याला सीओई म्हणतात, त्याला दोन-तीन महिने लागतात आणि एप्रिलवाल्यांचा निकाल साधारण फेब्रुवारीच्या शेवटी कळतो. चांगल्या शाळांच्या जागा मुदतीच्या आधीच भरतात, त्यामुळे मुदतीच्या आठवड्यात मेल टाकून उपयोग नाही.

आणि या सगळ्याच्या आधी, इकडेच जपानी सुरू करा. अर्जासाठी साधारणपणे १२ वर्षांचं शालेय शिक्षण आणि जपानीच्या १५० तासांच्या अभ्यासाचा पुरावा किंवा जेएलपीटी एन५ एवढी पातळी मागतात. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, पुणे-मुंबईत सेंटर आहे, पण डिसेंबरच्या परीक्षेचा निकाल एप्रिलच्या अर्जाला वेळेत पोचत नाही हे लोकांच्या डोक्यातच येत नाही. एप्रिलला जायचं असेल तर जुलैची परीक्षा द्या. जुलै हुकली तर नॅट टेस्ट किंवा जे टेस्ट वर्षातून जास्त वेळा होतात, बहुतेक शाळा त्याही धरतात, पण आधी विचारून घ्या. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटपासून खासगी क्लासपर्यंत शिकायची सोय भरपूर आहे, नुसतं १५० तासांचं सर्टिफिकेट मिळवायला क्लास लावू नका, खरंच शिका.

पायरी ३: शाळा सरकारी यादीत आहे का ते बघा

हे थोडं किचकट आहे पण आत्ता जाणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचं आहे. एप्रिल २०२४ पासून जपानमध्ये नवीन कायदा आलाय. आधी परदेशी विद्यार्थी घेऊ शकणाऱ्या शाळांची यादी न्याय मंत्रालय आणि इमिग्रेशनकडे असायची, आता शिक्षण मंत्रालय शाळांना मान्यता देतंय, शिक्षकांसाठीही नोंदणीची राष्ट्रीय पद्धत आणलीय. जुन्या यादीतल्या शाळांना बदलायला मार्च २०२९ पर्यंत मुदत आहे. त्यानंतर ज्यांना नवीन मान्यता नाही त्यांना स्टुडंट व्हिसावर विद्यार्थी घेता येणार नाहीत.

ही मान्यता मागितली की मिळाली अशी नाहीये, २०२४ मधल्या पहिल्याच फेरीत ७२ संस्थांनी अर्ज केले होते आणि त्यातल्या फक्त २२ मान्य झाल्या, बऱ्याच जणांनी अर्ज मागे घेतले. म्हणजे जुन्या यादीत असलेली शाळा वाईट आहे असं अजिबात नाही, पण तुम्ही तिला सरळ विचारा की नवीन मान्यता मिळालीय का, नसेल तर अर्ज कधी करणार. जी शाळा याचं उत्तर गोल गोल देते तिच्यावर मी तरी दोन वर्षं लावणार नाही. मान्य शाळांची यादी शिक्षण मंत्रालयाच्या पोर्टलवर आहे, तिथे नाव स्वतः शोधा, एजंटने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका.

दुसरी एक गोष्ट बघायची, तेकिसेइको. ज्या शाळांचे विद्यार्थी व्हिसा संपल्यावर बेकायदेशीर राहण्याचं प्रमाण कमी असतं त्यांना इमिग्रेशन हा दर्जा देतं. असा दर्जा असलेल्या शाळेत कागदपत्रांची कटकट कमी होते आणि व्हिसाची मुदतही जरा बरी मिळते.

पायरी ४: वर्गात कोण बसतं ते शोधा

माझ्या मते अख्ख्या निवडीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही.

मराठी माणसाला जपानी व्याकरण तुलनेने लवकर जमतं. क्रियापद शेवटी, ला-ने-चा सारखे प्रत्यय नामाच्या मागे, वाक्याचा क्रम जवळजवळ आपल्यासारखाच, उच्चारही सोपे. त्यामुळे काही महिन्यांत आपण बऱ्यापैकी बोलायला लागतो, आणि मग कांजी, म्हणजे जपानीत वापरतात ती चिनी अक्षरं, येते. एन५ ला साधारण शंभर, एन२ पर्यंत हजाराच्या आसपास आणि एन१ ला दोन हजारांच्या घरात. चीन आणि तैवानहून आलेल्या मुलांना ही अक्षरं लहानपणापासून येतात, त्यांना फक्त उच्चार आणि वापर शिकायचा असतो. धडा वाचला की अर्थ त्यांना आधीच कळलेला असतो, सेन्सेई, म्हणजे शिक्षक, पुढे जातात, आणि आपण अजून तिसऱ्या ओळीतलं अक्षर शोधत असतो.

आता ज्या शाळेत बहुतेक मुलं चिनी आहेत तिथे शिकवण्याचा वेग त्यांच्याप्रमाणे ठरतो, ते साहजिकच आहे. अशा शाळांचे युनिव्हर्सिटीचे निकाल अतिशय चांगले दिसतात आणि ते खरेही असतात, पण ते निकाल तुमच्यासारख्या विद्यार्थ्याचे नसतात. उलट काही शाळांत नेपाळ, व्हिएतनाम, म्यानमार, श्रीलंकेहून आलेली मुलं जास्त असतात, तिथे कांजी पहिल्यापासून आणि सावकाश शिकवतात, पण मग काही ठिकाणी अभ्यासापेक्षा बाईतोवर, म्हणजे पार्ट टाइम कामावर, मुलांचं लक्ष जास्त असतं आणि सकाळच्या वर्गात अर्धी मुलं रात्रपाळी करून झोपलेली दिसतात. त्या मुलांना नावं ठेवायची नाहीत मला, कर्ज काढून आलेले असतात बिचारे, पण वर्गाचा वेग त्याने पडतो हे खरंय. तिसरा प्रकार म्हणजे युरोप-अमेरिकेतली मुलं जास्त असलेल्या शाळा, तिथे बोलण्यावर भर असतो, मजा येते, पण त्यातल्या बऱ्याच मुलांना पुढे युनिव्हर्सिटी किंवा नोकरीची घाई नसते.

सगळ्यात बरं म्हणजे मिश्र वर्ग, आणि कांजी न येणाऱ्या देशांतल्या मुलांसाठी वेगळा कांजीचा तास. हिकांजीकेन म्हणतात अशा विद्यार्थ्यांना, शाळेला मेलमध्ये हाच शब्द वापरून विचारा की तुमच्याकडे हिकांजीकेन मुलांना कांजी वेगळी शिकवता का, आणि अशा मुलांपैकी किती जण एन२ पर्यंत पोचतात. ज्यांच्याकडे खरंच सोय आहे ते लगेच टाइमटेबल पाठवतात.

आकडे कुठे मिळतील? निश्शिंक्यो नावाची जपानी भाषा शिकवणाऱ्या संस्थांची एक जुनी संघटना आहे, तिच्या वेबसाइटवर सदस्य शाळांची एकेक पानं आहेत. कुठल्या देशाचे किती विद्यार्थी, शिक्षक किती, जेएलपीटीला किती बसले नि किती पास झाले, पुढे किती जण युनिव्हर्सिटीत आणि किती सेनमोनला गेले, फी किती, हे सगळं एका पानावर. शाळेच्या माहितीपत्रकात साकुराखाली हसणारी मुलं असतात, इथे आकडे असतात. तीन-चार शाळांची पानं शेजारी शेजारी उघडून बसा, अर्ध्या तासात खूप काही कळतं.

पायरी ५: शहर

टोकियोत शिंजुकु, ताकादानोबाबा, शिन-ओकुबो, निप्पोरी या भागांत ढीगभर शाळा आहेत. शिबुयातली नागानुमा १९४८ पासूनची आहे, निप्पोरीची आकामोनकाई मोठी आणि नावाजलेली. टोकियोबाहेर आइची प्रांतात ओकाझाकीला यामासा आहे, फुकुओकाला गेंकीजॅक्स आहे, ओसाका-क्योतोत तर बऱ्याच. ही नावं शिफारस म्हणून देत नाहीये, शोधायला सुरुवात कुठून करायची ते कळावं म्हणून देतेय.

टोकियोत कामं जास्त, मजुरी जास्त, नोकरीचे इंटरव्ह्यू तिथेच आणि घरभाडंही तिथेच जास्त. २०२५ च्या शेवटी टोकियोतली किमान मजुरी तासाला १,२२६ येन झाली, फुकुओकात १,०५७. फरक वाटतो तेवढा मोठा नाही, कारण फुकुओकात खोली बरीच स्वस्त मिळते आणि कित्येक ठिकाणी सायकलवर शाळेत जाता येतं. छोट्या शहरात अजून एक फायदा, आजूबाजूला इंग्रजी नाही की मराठी नाही, त्यामुळे बोलावंच लागतं. पण आयटीवाल्याने किंवा नोकरीसाठी जाणाऱ्याने टोकियो किंवा ओसाकाच्या आसपास राहावं, इंटरव्ह्यूला दरवेळी शिनकानसेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, तिकीट परवडत नाही.

शाकाहारी लोकांसाठी एक सांगते. जपानी जेवणात दाशी म्हणजे बहुतेक वेळा माशाचं पाणी कशातही असतं, सूपमध्ये, भाजीत, सॉसमध्ये, त्यामुळे रोज स्वतः करून खायची तयारी ठेवा आणि र्यो, म्हणजे शाळेचं हॉस्टेल, घेताना किचन आहे का आणि किती जणांत आहे ते आधी विचारा. टोकियोत शिन-ओकुबोला मसाल्याची दुकानं आहेत, निशी-कासाईत तर भारतीयांची मोठी वस्तीच आहे, तूरडाळ, कणिक, पोहे सगळं मिळतं. टोकियो मराठी मंडळही आहे, गणपतीला भेट होते. मात्र राहायला निशी-कासाईतच जायचा हट्ट करू नका, शाळेपासून लांब पडलं तर रोजचा प्रवास जीव काढतो.

पायरी ६: पैशांचा खरा हिशोब

वर्षाची फी साधारण ७ ते ९ लाख येन असते. १०० येनचे ५५ ते ६० रुपये धरले तर चार-साडेपाच लाख रुपये. त्याशिवाय अर्जाची फी २०-३० हजार येन, प्रवेश फी, पुस्तकं, विमा. बऱ्याच शाळा सहा महिन्यांची किंवा अख्ख्या वर्षाची फी एकदम मागतात, तर हप्ते कसे आहेत ते विचारा. र्यो घ्यायलाच लागतो का, किमान किती महिने, आणि एका खोलीत किती जण, हेही विचारा, कारण काही ठिकाणी फी कमी ठेवून र्योमध्ये वसूल करतात.

आता बाईतो. स्टुडंट व्हिसावर वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं, मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तासांपर्यंत. परवानगीचा अर्ज मोठ्या एअरपोर्टवर उतरल्या उतरल्याच करता येतो, तो फॉर्म भरून हातात ठेवा. टोकियोच्या किमान मजुरीने २८ तास म्हणजे आठवड्याला साधारण ३४ हजार येन, महिन्याला १ लाख ३७ हजार. ऐकायला छान वाटतं. पण पहिले दोन-तीन महिने भाषा नसल्याने काम मिळत नाही, मिळालं तरी २८ तास भरतीलच असं नाही, आणि परीक्षेच्या महिन्यात तुम्हालाच कमी करावे लागतात. त्यातून राहणं-खाणं निघतं. फी निघत नाही, निघाली तर अभ्यास होत नाही. ज्या घरात फीसुद्धा बाईतोतून भरायची गणितं चाललीयत त्यांना मी हात जोडून सांगते, वर्षभर थांबा, इकडे एन४ पर्यंत करा, पैसे जमवा, मग जा. २८ तासांच्या वर चोरून काम केलं आणि ते कर खात्याच्या नोंदीतून वर आलं की व्हिसा वाढत नाही, आणि मुलं परत पाठवली जातात.

नॅशनल हेल्थ इन्शुरन्स घ्यावाच लागतो, पण तो फायद्याचा आहे, दवाखान्याचं ७० टक्के बिल तो भरतो, आणि पहिल्या वर्षी तिकडे उत्पन्न नसल्यामुळे हप्ताही कमी बसतो. वय २० पूर्ण असेल तर पेन्शनचीही नोंदणी होते, वॉर्ड ऑफिसात त्याच दिवशी माफीचा अर्ज करून टाका.

अजून एक बारीक गोष्ट जी महिन्याला जाणवते, विद्यार्थ्यांना रेल्वेचा सवलतीचा पास मिळतो असं सगळे धरून चालतात, पण बऱ्याच लँग्वेज स्कूलच्या मुलांना तो मिळत नाही, शाळेची नोंदणी कुठल्या प्रकारची आहे त्यावर ते ठरतं. "त्सुगाकु तेइकी मिळतो का" एवढंच विचारा, हो किंवा नाही उत्तर येईल, आणि नाही असेल तर घर शाळेजवळ बघा.

पायरी ७: शाळेशी स्वतः बोला

तीन-चार शाळा निवडून झाल्या की सरळ मेल करा. बऱ्याच शाळा थेट अर्ज घेतात, इंग्रजी येणारा माणूस ऑफिसात असतो. उत्तर यायला किती दिवस लागतात, प्रश्नांची उत्तरं देतात की नुसतं माहितीपत्रक चिकटवून पाठवतात, यावरून तिथे गेल्यावर तुमची विचारपूस कशी होईल ते कळतं. वर बोलले त्याशिवाय हे विचारा: वर्गात जास्तीत जास्त किती मुलं, नियम २० चा आहे पण प्रत्यक्षात १२ असतील तर फारच छान. मिन्ना नो निहोंगो या जपानीच्या पाठ्यपुस्तकाचे २५ धडे इकडे झाले असतील तर तुम्हाला २६ व्या धड्यापासूनचा वर्ग त्या महिन्यात सुरू होतोय का, कारण जुलै आणि जानेवारीला छोट्या शाळांत प्रत्येक पातळीचा वर्ग नसतो आणि मग शिकलेलंच परत शिकत बसावं लागतं. वर्ग सकाळी की दुपारी, ते तुम्ही निवडू शकत नाही, पातळीवरून ठरतं, पण बाईतोचं गणित त्यावर असल्याने माहिती असलेलं बरं. नोकरी शोधायची असेल तर रेझ्युमे आणि इंटरव्ह्यूची तयारी कोण घेतं, आणि डिग्रीवाल्यांना शाळा संपल्यावरही नोकरी शोधण्यासाठी थांबायचा जो व्हिसा असतो त्यासाठी ही शाळा शिफारसपत्र देऊ शकते का, सगळ्या शाळा देऊ शकत नाहीत.

शक्य असेल तर ऑनलाइन ट्रायल क्लास मागा आणि सध्या तिथे शिकणाऱ्या एखाद्या भारतीय किंवा नेपाळी विद्यार्थ्याशी बोलायला मिळेल का विचारा. दहा मिनिटं बोललात तरी शाळेचा खरा अंदाज येतो.

एजंटकडून जायचं का? वाईटच असतात असं नाही, काही शाळांनी इकडे अधिकृत प्रतिनिधी नेमलेले असतात आणि त्यांना कमिशन शाळेकडून मिळतं, मग ते तुमच्याकडून वेगळे लाखभर का घेतायत ते विचारा. आणि एजंट कुठल्या शाळा दाखवतो याकडे लक्ष द्या, तो फक्त त्याच्याशी करार असलेल्याच दाखवणार. फी शाळेच्या जपानमधल्या बँक खात्यावर स्वतः पाठवा, आपल्या बँकेत ए२ फॉर्म भरून होतं ते, शाळेची पावती घ्या.

पायरी ८: कागदपत्रं

इथे एकच गोष्ट ठासून सांगते, खोटं काही देऊ नका. स्पॉन्सर म्हणजे बहुतेक वेळा आईवडील, त्यांचं बँक बॅलन्स सर्टिफिकेट, आयटी रिटर्न, नोकरीचा किंवा धंद्याचा पुरावा आणि तुमच्याशी नातं दाखवणारा कागद लागतो. किती शिल्लक हवी ते शाळा सांगते. इमिग्रेशन नुसती रक्कम बघत नाही, ती कशी जमली तेही बघतं, त्यामुळे अर्जाच्या आठवड्यात कुणाकडून तरी उसने आणून खात्यात टाकलेले पैसे लगेच कळतात. शेतीचं उत्पन्न असेल तर सातबारा, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, आडतीच्या पट्ट्या, जे खरं आहे ते भाषांतर करून लावा आणि शाळेला आधी समजावून सांगा, कारण जपानी ऑफिसला आपल्याकडची शेती आणि कर कसा असतो ते माहिती नसतं. एकदा नकार आला की पुढच्या अर्जात त्याचं कारण द्यावं लागतं.

शिक्षणात गॅप असेल तर तोही लपवू नका. का शिकायचंय याचं जे पत्र लिहायचं असतं त्यात सरळ लिहा, घरचं कारण होतं, परीक्षा देत होतो, नोकरी करत होतो. हे पत्र इंटरनेटवरून उचलू नका, शाळेवाले रोज असली पत्रं वाचतात. पुढे काय करायचंय ते पहिल्या पायरीत लिहून काढलंयत ना, त्यातूनच हे पत्र तयार होतं.

पायरी ९: सीओई आल्यावर

आला की त्याच्यावरचं नाव, जन्मतारीख पासपोर्टशी ताडून बघा. हल्ली ईमेलनेही येतो, मुदत तीन महिन्यांची असते. बहुतेक शाळांत मोठी फी सीओई मंजूर झाल्यावरच भरायची असते, जी शाळा किंवा जो मध्यस्थ आधीच अख्खी फी मागतो तिथे थांबा. परताव्याचे नियम लेखी घ्या, साधारणपणे सीओई नाकारला तर अर्जाची फी जाते, व्हिसा नाकारला तर अर्ज आणि प्रवेश फी सोडून बाकीचं परत मिळतं, पण प्रत्येक शाळेचं वेगळं असतं.

पोचल्यावर १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा. हजेरी पहिल्या दिवसापासून सांभाळा, ८० टक्क्यांच्या खाली गेली की व्हिसा वाढवताना प्रश्न येतात, आणि पुढे सेनमोन, युनिव्हर्सिटी, कंपनी सगळे हजेरीचा दाखला मागतात, म्हणून ९० च्या वर ठेवा.

आणि लेव्हल टेस्ट. आपण व्याकरणात नि बोलण्यात बरे असतो म्हणून टेस्टमध्ये वरच्या वर्गात बसवतात, सुरुवातीला भारी वाटतं, मग महिन्याभरात कांजीने दम निघतो. पहिल्या आठवड्यात धडा स्वतः वाचता येत नसेल तर लाजू नका, ऑफिसात जाऊन वर्ग बदलून मागा. बहुतेक ठिकाणी पहिले एक-दोन आठवडेच हा बदल करून देतात, नंतर टर्म संपेपर्यंत तीन महिने तिथेच बसावं लागतं.